स्वखुशीने तर आम्हीही शंभर किलो उचलत होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पिंजऱ्यातल्या झुंजींबद्दल, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं एकत्र चालतं आणि मुलं ज्याला एमएमए म्हणतात त्याबद्दल, मागच्या पंधरवड्यात आपल्या पेपरात दोन पत्रं आली. एका ताईंनी लिहिलं होतं की हा खेळच नाही, सरळ बंदी घाला. त्यावर एका तरुणाने उत्तर दिलं, लढणारे स्वखुशीने लढतात, ज्यांना बघवत नाही त्यांनी बघू नये. दोन्ही पत्रं मी मार्केटात गाडी खाली करून झाल्यावर वाचली आणि कापून ठेवली. त्या ‘स्वखुशी’ शब्दाबद्दल मला सांगायचं आहे. पत्र लांबेल. जागा नसेल तर मधलं कापा, पण गोणीचा भाग ठेवा.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार आहे. यंदा 26 वर्षं होतील. राहायला कोपरखैरण्याला. मूळ गाव माण तालुक्यातलं. लहानपणी गावच्या तालमीत होतो. जत्रेच्या फडात आधी नारळावरच्या कुस्त्या खेळलो, मग इनामाच्या. माझा उजवा कान मोडलेला आहे, डाव्या खांद्याचं हाड एकदा सरकलं होतं. कुणी नाजूक मनाचा माणूस लिहितोय असं समजू नये.

आमच्या तालमीत खाशाबा जाधवांचा फोटो होता. 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्य आणणारा आमच्याच सातारा जिल्ह्यातला, गोळेश्वरचा माणूस. फोटोखाली वस्ताद बसायचे. त्यांची एक शिस्त होती. समोरच्याची पाठ मातीला लागली की हात सोडायचा, त्याला उठवायचं आणि त्याच्या पाठीवरची माती आपल्या हाताने झटकायची. जिंकण्याच्या भरात एखादा तसाच नाचत सुटला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याच्याकडून शंभर बैठका मारून घ्यायचे. मी एकदा मारल्या आहेत. कुस्तीत सगळे संत असतात असं मी म्हणत नाही. मान मोडून माणसं कुस्तीतही गेली आहेत, आणि फडात खुन्नसही चालते. पण पाठ लागल्यावर काय करायचं, हे प्रत्येक पोराला माहीत असायचं. ते ठरवायला पंचाची वाट बघावी लागत नव्हती.

माझा धाकटा मुलगा 17 वर्षांचा आहे, बारावीला. शाळेत असताना कुस्ती खेळायचा. मग फोनवर ह्या झुंजी बघायला लागला. भरत खंदारे हा आपल्या मुंबईचा मराठी मुलगा 2017 साली यूएफसीत, म्हणजे ह्या झुंजी भरवणाऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या स्पर्धेत, शांघायला लढला, तोही कुस्तीतूनच गेलेला, हे त्याने मला दहा वेळा सांगितलं असेल. 2024 च्या जूनमध्ये पूजा तोमरने यूएफसीत पहिली लढत जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय मुलगी. त्या दिवशी घरात पेढे आणले होते. मलाही आनंद झाला. घणसोलीच्या एका क्लासला त्याला मीच घातलं, महिन्याला दोन हजार भरून. पोरगा संध्याकाळी नाक्यावर उभा राहण्यापेक्षा घाम गाळतोय, चांगलं आहे, असं मी घरात म्हणालो होतो. आजही क्लासबद्दल माझी तक्रार नाही. शिकवणारा मुलगा प्रामाणिक आहे, स्वतः घाम गाळतो.

मे महिन्यात त्याची पहिली स्पर्धा ठरली. 61 किलोच्या गटात. त्याचं वजन 66.

सहा दिवसांत पाच किलो उतरवायचे होते. आधी मीठ बंद झालं, मग भाकरी बंद झाली. शेवटच्या दीड दिवसात पाणी. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या असतात ना, त्यांना हातासाठी भोकं पाडून त्या अंगात घातल्या, वर थंडीचं जॅकेट, आणि दुपारी तीन वाजता निसर्ग उद्यानाला फेऱ्या. घरी येऊन बाथरूमचं दार लावून कढत पाण्याच्या वाफेत बसला. बायको दाराबाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी हाक मारायची आणि तो आतून ‘हं’ म्हणायचा. रात्री ओठ भेगाळलेले. गुळणी करून पाणी थुंकत होता, गिळत नव्हता. बायको म्हणाली, ‘‘अरे, निर्जळी देवासाठी धरतात. काट्यासाठी कसली निर्जळी?’’

कुस्तीतही वजन तोडतात, मला ठाऊक आहे. 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगट 50 किलोच्या गटात अंतिम फेरीत गेली आणि 100 ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. रात्रभर ती जागी होती, केससुद्धा कापले. आपल्या सगळ्यांच्या घरात त्या दिवशी हळहळ होती, पण रात्रभर एका माणसाला वाळवत ठेवणं बरोबर का, हे आमच्या माथाडींच्या टोळीत तरी कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या घरातली बाथरूम बंद झाली तेव्हा विचारलं. 2015 च्या डिसेंबरमध्ये यांग जिआन बिंग नावाचा 21 वर्षांचा चिनी मुलगा मनिलाला झुंजीच्या आधी वजन तोडतानाच गेला. समोरच्याचा एक ठोसाही त्याने खाल्लेला नव्हता. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या त्याच्या कंपनीने अंगातलं पाणी काढून वजन उतरवायला बंदी केली आणि लघवी तपासून अंगात पाणी आहे की नाही हे बघायला सुरुवात केली.

माझ्या मुलाचं वजन आदल्या संध्याकाळी झालं. 61 भरलं. काट्यावरून उतरल्याबरोबर त्याने दोन लिटर पाणी संपवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा 65 चा होता. समोरचा मुलगाही तसाच. म्हणजे 65 किलोची दोन पोरं आठवडाभर वाळून 61 च्या गटात एकमेकांशी लढली. कशासाठी, ते मला आजही कळलेलं नाही.

स्पर्धा रविवारी, एका हॉलमध्ये. आयोजकांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या एकट्यांचा हा प्रश्न नाही. दाराशी एक कागद दिला, इंग्रजीत. मुलगा 18 च्या आतला, म्हणून पालकाची सही हवी. मी शेजारच्या एका मुलीला वाचायला सांगितलं. काही इजा झाली, मृत्यू आला, तरी आयोजक जबाबदार नाहीत, आम्ही स्वखुशीने भाग घेत आहोत, असा त्याचा अर्थ होता. मी सही केली. मागे रांग होती.

माझ्या शेजारी समोरच्या मुलाचे वडील बसले होते. छोटा हत्ती चालवतात, भाजीची भाडी मारतात. बोलता बोलता ओळख निघाली, आमच्या मार्केटातही त्यांची खेप असते. दोघांनी एकमेकांना बिस्किटं दिली.

पहिल्या फेरीत दोन मिनिटं नुसती खडाखडी. मग माझ्या मुलाने दोन्ही पायांचा पट काढला. इतका स्वच्छ पट, की मी जागेवर उठून उभा राहिलो. समोरचा पाठीवर. आमच्या फडात इथे हलगी वाजली असती आणि दोघं हातात हात घालून बाहेर आले असते. इथे तो पाठीवर पडल्यावर खेळ सुरू झाला. माझा मुलगा त्याच्या छातीवर बसला आणि तोंडावर ठोसे मारायला लागला. त्या मुलाने दोन्ही हात तोंडासमोर धरले होते. मग उजवा हात गळून पडला. तळवा वर, बोटं उघडी, जसा झोपेत पडतो तसा. त्यानंतर तीन ठोसे बसले. मी मोजले, तीन. मग पंच मध्ये आला.

लोक शिट्ट्या मारत होते, फोन वर धरून उभे होते. मी उभाच होतो. शेजारचा माणूस खाली बघत होता. माझा मुलगा जाळीवर चढून माझ्याकडे बघत होता आणि मला हात वर करता आला नाही.

थोड्या वेळाने तो मुलगा उठला, हसला, माझ्या मुलाच्या गळ्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने जिन्यात त्याने उलटी केली. वडिलांना म्हणाला, ‘‘आपण इथे कशाने आलो?’’ स्वतःच्याच बापाच्या गाडीतून आला होता. मी धावत आत गेलो, डॉक्टर कुठे आहेत विचारलं. बर्फाची पिशवी आणि बँडेज घेऊन एक पोरगा बसला होता. डॉक्टर येऊन गेले म्हणाला. अॅम्ब्युलन्स नव्हती. त्या माणसाचे हात इतके थरथरत होते की त्याला गाडी चालवू देणं शक्य नव्हतं. आम्ही रिक्षा केली. रिक्षात तो मुलगा मध्ये, एका बाजूला त्याचा बाप आणि दुसऱ्या बाजूला मी, ज्याने मारलं त्याचा बाप.

दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. एक रात्र ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. वयाने आमच्या मुलांपेक्षा फार मोठे नसतील. म्हणाले, गोटा खोबऱ्याचा नारळ कानाशी धरून हलवला की आतला गोटा कसा आपटतो, मार बसल्यावर मेंदूचं तसं होतं. वरून जखम दिसायलाच पाहिजे असं नाही. डोकं गर्रकन फिरलं की मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. एखादी फाटली तर रक्त हळूहळू साठतं, आणि माणूस तासभर नीट बोलत असतो, हसत असतो. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर जीवही जाऊ शकतो. म्हणून काही आठवडे सराव नाही, धावणं नाही, फोनसुद्धा कमी.

ते ऐकताना मला माझं जुनं अज्ञान आठवलं. ‘उठून हसला म्हणजे बरा आहे’ असं मी फडात कितीतरी वेळा म्हटलेलं आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये डब्लिनला जोआओ कार्व्हाल्यो हा 28 वर्षांचा पोर्तुगीज खेळाडू झुंज संपल्यावर शुद्धीत होता, थोड्या वेळाने त्याला त्रास सुरू झाला, डोक्याचं ऑपरेशन झालं आणि दोन दिवसांनी तो गेला. आपल्या शेजारी बंगळुरूला 2022 च्या जुलैमध्ये किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत डोक्यावर मार बसून एक तरुण गेला. तेव्हाही बातमी चार दिवस चालली.

रात्री घरी आलो तर मुलगा जागा होता. जेवला नव्हता. मेडल टीव्हीजवळ पडलेलं. पहिला प्रश्न त्याने केला, ‘‘पप्पा, तो कसा आहे?’’ मी सांगितलं. मग मी विचारलं, ‘‘त्याचा हात खाली पडलेला तू बघितलास?’’ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘बघितला. पण पंच थांबवत नाही तोपर्यंत थांबायचं नाही, असंच शिकवतात. मी थांबलो आणि तो उठला असता तर?’’

मी रागावलो नाही, कारण तो खरं बोलत होता. त्याला तसंच शिकवलंय आणि जगभर तसंच शिकवतात. त्याने त्याची बाजूही मांडली, ती मी इथे मुद्दाम लिहितो, कारण बंदी मागणाऱ्या ताईंनी ती वाचावी. तो म्हणाला, बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा आकड्यांपर्यंत वेळ देतात आणि गरगरणाऱ्या डोक्यानेच पुन्हा मार खायला उभा करतात. आमच्यात आकडे मोजत नाहीत, पंचाला वाटलं की खेळ खलास. शिवाय हरायचं असेल तर हाताने दोनदा थोपटायचं, त्यात कमीपणा नाही. कितीतरी झुंजी गळपकड, हात पिरगळणं यावर सुटतात, तिथे डोक्याला धक्काही लागत नाही. हे सगळं बरोबर आहे. थोपटून हार मानायची ती रीत मला आवडली. आमच्या फडात हार मानणारा वर्षभर तोंड लपवायचा.

पण मग मी त्याचा हातमोजा मागितला आणि तळहातावर तोलला. चार औंस, म्हणजे 113 ग्रॅम. रोज कांदे हाताळणाऱ्या माणसाला तराजू लागत नाही, एका मध्यम कांद्याएवढं वजन. बॉक्सिंगचा मोजा दहा औंसांचा धरला तर अडीच कांदे. आणि मोजा मारणाऱ्याची बोटं वाचवतो, समोरच्याचा मेंदू नाही. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर हात मोडतो, म्हणून माणूस जपून मारतो. मोजा घातला की जपायची गरज राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुस्तीत कधी थांबायचं हे लढणाऱ्याच्या हातात होतं. ह्या खेळाने ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि पंचाच्या हातात दिलं. ठीक आहे, द्या. पण मग तो पंच पक्का शिकलेला पाहिजे, त्याच्यामागे डॉक्टर पाहिजे, आणि दोघांच्या डोक्यावर कुणाचा तरी कायदा पाहिजे. पोराला सांगायचं तू थांबू नकोस, आणि थांबवणारा दोन हजार रुपयांवर आणलेला कोणी नवखा मुलगा, हे चालणार नाही.

हा खेळ बाहेर कसा सुधारला ते मी मुलाकडूनच ऐकलं आणि नंतर वाचलं. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते. चावायचं नाही, डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, एवढेच नियम म्हणण्यासारखे. सिनेटर जॉन मॅकेन यांनी, ते स्वतः बॉक्सिंगचे शौकीन, याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि एकेका राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. अनेक राज्यांनी दारं बंद केली. न्यूयॉर्कने 1997 मध्ये व्यावसायिक झुंजींना घातलेली बंदी 2016 पर्यंत टिकली. पण त्या बंदीच्या काळात तिथे हौशी झुंजी चालूच होत्या, कुणाची देखरेख नसलेल्या. म्हणून मी बंदी मागत नाही. बंदी घातली तर माझा मुलगा घरी बसेल असं मला वाटत नाही. तो एखाद्या गोडाऊनमध्ये लढेल आणि मला कळवणारही नाही.

खेळ बदलला तो नियमांनी. 2000-2001 च्या सुमारास न्यूजर्सीच्या सरकारी मंडळाने पुढाकार घेऊन एक नियमावली केली. वजनगट आले, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या, डोक्याच्या मागे मारायला, मणक्यावर मारायला, पडलेल्याच्या डोक्याला लाथ किंवा गुडघा मारायला मनाई झाली. डोक्यावर मार खाऊन हरलेल्याला तिथलं मंडळ काही आठवडे लढू देत नाही आणि इतर राज्यांची मंडळंही ते पाळतात. आपल्याकडे तो छोटा हत्तीवाल्याचा मुलगा पुढच्या रविवारी कल्याणला किंवा पुण्याला जाऊन लढला असता, तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. 2012 पासून मुंबईत मोठ्या दिमाखात ह्या झुंजींच्या लीग सुरू झाल्या, दिवे आले, सिनेमातले लोक आले. पण ज्याच्या परवान्याशिवाय पिंजरा उभाच राहू नये, असं कायद्याने नेमलेलं मंडळ महाराष्ट्रात नाही.

आता गोणीचं सांगतो.

माझे वडील मस्जिद बंदरला दाणाबंदरात होते. 100 किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे. कुणी बंदूक लावली नव्हती. स्वखुशीने. उलट जो जास्त उचलायचा त्याला टोळीत मान होता, मुकादम त्याच्या नावाने हाक मारायचा. मला झेपत नाही असं कुणी म्हटलं तर मागे तिघे उभे असायचे, ते म्हणायचे आम्हाला झेपतं. पन्नाशीत वडिलांना सरळ झोपता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसून झोपायचे. मी लहान असताना रात्री उठलो की ते अंधारात बसलेले दिसायचे.

1969 साली माथाडी कायदा आला तो माणसं आपखुशीने काम करत होती तरीही आला. त्याने मंडळ दिलं, नोंद दिली, दवाखाना दिला. गोणीच्या वजनासाठी आम्हाला पुढे पुष्कळ वर्षं भांडावं लागलं. 50 किलोच्या वरची गोणी उचलणार नाही म्हणून आम्ही हात बांधून गाड्यांसमोर उभे राहिलो आहोत. तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर कुणी केली? आमच्यातल्याच जवान पोरांनी. आमच्यात ताकद आहे, 70 उचलू, फेऱ्या कमी होतील. त्यांना मुकादम एकच गोष्ट म्हणाले, तू 70 उचललीस की उद्यापासून तुझ्या शेजारच्यालाही 70 उचलावी लागेल, आणि तो नाही म्हणू शकणार नाही.

वजन तोडण्याचं अगदी हेच आहे. एकाने पाणी सोडून पाच किलो उतरवले की दुसऱ्याला उतरवावेच लागतात, नाहीतर त्याच्यापुढे थोराड पोरगा उभा राहतो. मग सगळेच वाळतात. दोघांचीही स्वखुशी असते, आणि दोघांपैकी एकालाही ते नको असतं. बॉक्सिंगमध्ये 15 फेऱ्या असायच्या. 1982 साली लास व्हेगासला किम दूक-कू हा कोरियन मुलगा 14 व्या फेरीत पडला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने 12 केल्या. त्याआधी पंधराव्या फेरीला नको म्हणणारा खेळाडू भित्रा ठरला असता. खेळाडूला एकट्याने जे म्हणता येत नाही, ते त्याच्या वतीने नियमाने म्हणायचं असतं. आमच्या गोणीचं तेच झालं. आमचं नावच माथ्यावरून पडलंय. चुंबळ ठेवून ओझं वाहणाऱ्यांच्या पाठीचा हिशोब सरकारला करता आला, तर सतरा वर्षांच्या पोराच्या माथ्याचाही करता येईल.

आणि हे आपल्याकडे झालेलं आहे. ठाण्यात 2012 साली दहीहंडीत नऊ थरांचा विश्वविक्रम झाला तेव्हा लहान पोरं वर चढत होती. पुढे न्यायालयापर्यंत गेलं, 14 वर्षांच्या आतल्या मुलांना थरांवर चढवायचं नाही हे ठरलं, 2022 पासून गोविंदांना सरकारी विमा आला, मृत्यू झाला तर 10 लाख. गोविंदाही स्वखुशीनेच चढतो. म्हणून त्याला कुणी वाऱ्यावर सोडलं नाही.

मला जे हवंय ते फार मोठं नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या पोलिसांकडे आणि हॉल देणाऱ्यांकडे अशा स्पर्धेचा अर्ज आला, की शेवटची झुंज संपून तास होईपर्यंत जागेवर हजर राहणारा डॉक्टर आणि दाराशी अॅम्ब्युलन्स, हे असल्याशिवाय परवानगी देऊ नये. आणि त्या डॉक्टरला झुंज थांबवायचा हक्क असावा, पंचाला न विचारता. डोक्यावर मार खाल्लेल्या मुलाचं नाव कुठेतरी एका वहीत लिहिलं जावं, जी दुसऱ्या गावचा आयोजक बघू शकेल. वजन झुंजीच्या दिवशी सकाळी करा आणि अंगात पाणी आहे का तेही तपासा. आणि 18 च्या आतल्यांना पडलेल्याच्या डोक्यावर मारायला मुळीच देऊ नका. पट काढू द्या, गळपकड घालू द्या, हात पिरगळू द्या, आपली पोरं त्यात कुणाला हार जाणार नाहीत. जागतिक हौशी संघटनेच्या नियमांत लहान वयोगटांना डोक्यावर मारायला मनाई आहेच, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. क्रीडा खात्याने हे मनावर घेतलं तर एका अधिवेशनाचंही काम नाही. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

तो मुलगा आता बरा आहे. त्याचे वडील रात्री गाडी भरायला येतात तेव्हा भेट होते. ट्यूबलाइटखाली बसलं की अजून त्याचं डोकं दुखतं म्हणतात, पुस्तक फार वेळ वाचवत नाही. माझा मुलगा दोनदा त्याच्या घरी जाऊन आला. काय बोलले ते मला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक स्पर्धा आहे. तोच इंग्रजी कागद घरात आलाय, टीव्हीखाली ठेवलाय, पालकाच्या सहीची जागा मोकळी आहे. अॅम्ब्युलन्स असणार आहे का, हे विचारायला मी त्या नंबरवर तीनदा फोन केला. सर मीटिंगमध्ये आहेत, कळवतो, असं तीनदा उत्तर मिळालं. मुलगा रोज संध्याकाळी माझ्याकडे बघतो आणि काही न बोलता क्लासला जातो. मी अजून सही केलेली नाही.

आपला,
एक माथाडी कामगार, कोपरखैरणे
(मुलाचं वय लहान आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)